मित्रांसोबत आयर्लंड, १० दिवस: पूर्ण गोल चक्कर मारायची की एकाच किनाऱ्यावर राहायचं?

बर्डीवाला
नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र, एकाच हॉस्टेलचे, पास होऊन २५ वर्षं झाली. आजवर पचमढी, ताडोबा, चिखलदरा सगळं सोबत झालं, यावेळी मे एंडला नवतपा सुरू व्हायच्या आत नागपूर सोडायचं आणि आयर्लंडला जायचं असं ठरून राहिलंय. आयर्लंडच का तर आमच्यातल्या एकाच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडरचं एक पान होतं, हिरवागार कडा आणि खाली समुद्राचा पांढरा फेस, चार वर्षं त्याने ते पान काढलं नाही, आणि तो कडा म्हणजे मोहेरचे कडे हे आम्हाला आत्ता गेल्या दिवाळीत कळलं.

प्लॅन असा आहे: डब्लिनला उतरून गाडी भाड्याने घ्यायची, वर बेलफास्ट, जायंट्स कॉजवे, मग डोनेगल, गॉलवे, मोहेर, डिंगल, रिंग ऑफ केरी, कॉर्क आणि परत डब्लिन. १० दिवस हातात. मॅपवर बेटच एवढंसं दिसतं म्हणून जमेल असं वाटून राहिलं. जाऊन आलेल्यांनी सांगा हे होईल का, उत्तरेकडच्या भागाला वेगळा व्हिसा लागतो का, आणि दोघं पक्के शाकाहारी आहेत त्यांचं काय. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तो चालतो पण चढउतार जास्त नको.

धंतोलीची लेक
दादा, मी मागच्या जूनमध्ये चार मैत्रिणींसोबत जाऊन आले आणि तुमचा प्लॅन वाचून मला आमचा पहिला प्लॅन आठवला, डिट्टो हाच होता. आधी कळकळीने एक सांगते, अर्धा प्लॅन कापा. मॅप बघून अंतर मोजू नका. डब्लिन ते गॉलवे दोनशेच्या वर किलोमीटर आहे, तो मोटरवे आहे, अडीच तासांत पोचता. पण एकदा पश्चिम किनाऱ्याला लागलात की रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी दगडी बांध नाहीतर झुडपं, मध्ये एक गाडी जाईल एवढी जागा आणि कुठंकुठं डांबराच्या मधोमध गवत उगवलेलं. समोरून ट्रॅक्टर आला की तुम्हीच मागे जायचं. त्या अख्ख्या किनारी रस्त्याला वाईल्ड अटलांटिक वे म्हणतात, डोनेगलपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत जवळपास २,५०० किलोमीटर, तो १० दिवसांत उरकायचा तर गाडीच्या काचेतूनच बघावा लागेल.

आम्ही शेवटी काय केलं तर डिंगलला सलग तीन रात्री राहिलो, मग टार्बर्टहून गाडी फेरीत घालून शॅनन नदी ओलांडली (२० मिनिटं लागतात आणि लिमरिकचा सगळा वळसा वाचतो) आणि डूलिनला तीन रात्री. मोहेर तिथून अगदी जवळ. कडे २१४ मीटरपर्यंत उंच आहेत. दुपारी बसगाड्यांची गर्दी असते म्हणून आम्ही संध्याकाळी सातनंतर गेलो, तेव्हा तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. पार्किंगमध्ये मोजून सहा गाड्या होत्या. वारा इतका की एकमेकींशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं, मग आम्ही बोलणंच सोडलं, पाचही जणी भिंतीला टेकून तासभर नुसत्या बघत राहिलो.

डिंगलला स्ली हेडचा फेरा आहे, साधारण ४७ किलोमीटर, तो घड्याळाच्या दिशेनेच करायचा, बसगाड्या पण तशाच जातात म्हणजे अरुंद जागी समोरासमोर येत नाहीत. आम्हाला एवढ्याला पूर्ण दिवस लागला. डनक्विनला गाडी वर ठेवून धक्क्याकडे उतरणारी नागमोडी वाट बघायला थांबलो, समोर ग्रेट ब्लास्केट बेट. तिथली शेवटची २२ माणसं १९५३ मध्ये सरकारने मुख्य जमिनीवर आणली, डॉक्टर नाही, दुकान नाही, हिवाळ्यात होडी जाईना. घरांच्या भिंती अजून दिसतात. त्याच रस्त्यावर गॅलरस म्हणून उपड्या होडीसारखी दगडी खोली आहे प्रार्थनेची, चुना नाही माती नाही, नुसते दगडावर दगड. आत शिरल्याशिरल्या मैत्रीण म्हणाली अगं हे तर आपल्या हेमाडपंती देवळासारखं! बाहेर धो धो पाऊस होता आणि आतली जमीन कोरडी.

छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. टोपीवालं चांगलं रेनकोट जॅकेट घ्या आणि बुटांची एक जोडी जास्तीची.

मानेवाडा ते गॉलवे
भाऊ, मी सहा वर्षांपासून गॉलवेला नोकरीला आहे, मूळ मानेवाड्याचा. ताईंनी बरोब्बर सांगितलं. व्हिसाचं नीट समजून घ्या कारण यात लोक फसतात.

आयर्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच व्हिसा चालतो तो गट) नाही, म्हणजे शेंगेन व्हिसा इथं चालत नाही. आणि बेलफास्ट, जायंट्स कॉजवे हे सगळं उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेमध्ये येतं. बॉर्डरवर नाका नाही, कोणी थांबवत नाही, फक्त पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात आणि युरोचे पौंड, म्हणून लोकांना वाटतं जाऊ बिनधास्त. तसं करू नका, कागद बरोबर पाहिजेतच. भारतीय पासपोर्टवाल्यांना २०१५ पासून एक सोय आहे, आयर्लंडच्या शॉर्ट स्टे व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शिक्का असला की त्याच व्हिसावर यूकेमध्येही जाता येतं. तुमच्यापैकी कोणाकडे यूकेचा व्हिजिटर व्हिसा असेल तर त्यावर आयर्लंडला येता येतं पण आधी यूकेत उतरून तिथलं इमिग्रेशन व्हावं लागतं, थेट डब्लिनला उतरला तर चालणार नाही. अर्ज करायच्या दिवशी सरकारी साईटवर नियम परत वाचून घ्या.

गाडीचं: डावीकडूनच चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे नागपूरवाल्याला पहिल्या दिवसापासून जमते. मॅन्युअल स्वस्त पडते. पाच जण आणि पाच मोठ्या बॅगा एका साध्या गाडीत बसत नाहीत आणि मोठी व्हॅन घेतली तर त्या गल्लीएवढ्या रस्त्यांवर घाम फुटतो, म्हणून बॅगा लहान आणा, हा माझा प्रत्येक येणाऱ्याला सल्ला आहे. इन्शुरन्सचा कागद तिथंच उभं राहून पूर्ण वाचा, टायर आणि काच बऱ्याचदा साध्या इन्शुरन्समध्ये धरत नाहीत. माझा मावसभाऊ आला होता, त्याचा डावा आरसा झुडपातल्या दगडाला लागला, नुसता तडा, आणि भाड्याच्या कंपनीने त्याच्या कार्डवरून एवढे पैसे कापले की तेवढ्यात दोन रात्रींचं राहणं झालं असतं. गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. गावाकडच्या लोकल रस्त्यांवर फेब्रुवारी २०२५ पासून ६० ची लिमिट आहे, आधी ८० होती. डब्लिनभोवतीच्या एम५० या रिंगरोडला टोलनाका दिसत नाही, कॅमेरा नंबर टिपतो, दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाईन भरायचा नाहीतर दंड.

जेवण: शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही, व्हेज सूप आणि सोडा ब्रेड जवळपास कुठंही मिळतं, तो ब्रेड गरम असताना वर लोणी लावून खा, भाकरीची आठवण येते. सूपमध्ये चिकनचं पाणी आहे का ते मात्र विचारा. छोट्या गावात पबचं किचन रात्री नऊला बंद होतं, बाहेर लख्ख उजेड असतो म्हणून भान राहत नाही आणि पोट्टे उपाशी झोपतात. जेवून घ्या आणि मग बसा, साडेनऊनंतर फिडल, बांसरी, अकॉर्डियन घेऊन गावातलीच माणसं येतात, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात आणि वाजवायला लागतात. स्टेज नाही माईक नाही. तेव्हा मोठ्याने बोलू नका, एवढं पाळलं की ते तुम्हाला सरकून जागा देतात.

निवृत्त भूगोल शिक्षक
बर्डीवाले, जायंट्स कॉजवे सुटला तर वाईट वाटून घेऊ नका. तिथं बसाल्टचे सुमारे ४०,००० खांब आहेत, बहुतेक षटकोनी, लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडे जाऊन असे खांब होतात. १९८६ पासून जागतिक वारसा आहे. पण हाच दगड आपल्या पायाखाली आहे, यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीला असेच खांब आहेत, मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. तुम्हाला आपल्याकडे नसलेलं बघायचं तर डूलिनजवळचा बरेन बघा, मैलोन्‌मैल उघडा राखाडी चुनखडक आणि त्याच्या भेगांत फुललेली रानफुलं, मे महिना त्यासाठी सगळ्यात चांगला.

गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमाराला गेलात तर बॅलिनाहिंच नावाचा वाडा आहे, आता हॉटेल आहे. तो १९२४ मध्ये आपल्या रणजितसिंहजींनी घेतला होता, ज्यांच्या नावाने रणजी ट्रॉफी आहे. विदर्भाने तीनदा जिंकलेली ट्रॉफी ज्यांच्या नावाची, ते त्या नदीवर मासे धरत बसायचे हे मला नागपूरकर म्हणून फार आपलं वाटलं. आणि डोंगरउतारावर गवताखाली समांतर वरंबे दिसले तर गाडी थांबवा. ती बटाट्याची जुनी शेतं आहेत. १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. ते वरंबे परत कोणी नांगरलेच नाहीत. आपण विदर्भातली माणसं, पीक गेलं म्हणजे काय होतं ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. मी तिथं बराच वेळ उभा होतो.

बर्डीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, ग्रुपवर हे सगळं वाचून दाखवलं. उत्तर आणि डोनेगल कापलं, कॉर्क पण कापलं. डिंगल तीन, डूलिन तीन, कॉनेमारा दोन, डब्लिन एक. कॅलेंडरवाला मित्र म्हणतो मोहेरला दोनदा जाऊ, तसंच करणार. आता एकच प्रश्न, गुडघेवाल्याची स्केलिग मायकल या खडकाळ बेटावर जायची फार इच्छा आहे, आणि बेट एकतरी व्हावंच असं सगळ्यांना वाटतंय.

धंतोलीची लेक
स्केलिग नको दादा. ६१८ दगडी पायऱ्या आहेत, उभ्या, बऱ्याच ठिकाणी धरायला काही नाही, आणि समुद्र खवळला की होडी सुटतच नाही. त्यापेक्षा डूलिनहून इनिशीरला जा, अॅरन बेटांतलं सगळ्यात छोटं. धक्क्यावरच घोडागाडी मिळते, पाचही जण एका गाडीत मावाल. दगडी बांधांच्या मधून ती बेटाच्या टोकाला नेते, तिथं १९६० मध्ये आपटलेलं प्लासी नावाचं जहाज खडकांवर तसंच गंजून पडलंय. आमच्या गाडीवाल्या आजोबांनी घोड्याला हाक मारली ती आयरिश भाषेत, आम्ही विचारलं काय म्हणालात, तर म्हणाले, हळू चल, पाहुणे आहेत. फेरीची वेळ आदल्या रात्री बघून घ्या आणि मित्राला गाडीत पुढच्या बाजूला बसवा, मागे धक्के जास्त बसतात.