ताईचा टीएसएच नॉर्मल, तरी डॉक्टर म्हणतात पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) काम करत नाहीये?

सातारची_धाकटी:
ताईचं विचारायचंय, वय ३६. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणात भयंकर ब्लीडिंग झालं, ५ बाटल्या रक्त चढवलं, नशिबाने वाचली. पण अंगावर दूध आलंच नाही, बाळ वरच्या दुधावर वाढलं आणि पाळी गेली ती गेलीच. आई म्हणाली अशक्तपणा, सासूबाई म्हणाल्या आळस. एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसते, काखेतले केस गेलेत, चेहरा पांढुरका पडलाय. दोनतीनदा थायरॉईड चेक केलं, टीएसएच नॉर्मल आला की विषय संपला. गेल्या आठवड्यात साधा ताप-उलट्या झाल्या आणि काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, ॲडमिट केलं तर रक्तातलं सोडियम ११६, फारच कमी! एमआरआयमध्ये 'एम्प्टी सेला' आलंय. डोक्यात गाठ आहे का हो?

पन्हाळा_पाऊस:
अगं गाठ नाही, उलट ग्रंथी सुकून जागा रिकामी दिसतेय. माझीच फाईल वाचतेय असं वाटलं. याला शीहान सिंड्रोम म्हणतात, शीहान नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९३७ साली लिहून ठेवलेला. गरोदरपणात पिट्युटरी फुगते, त्यात बाळंतपणात रक्त जाऊन बीपी कोसळलं की तिला रक्तच पोचत नाही, मरते बिचारी. दूध आणणारं प्रोलॅक्टिन तिथलंच, पाळीची हॉर्मोन्सपण तिथलीच. आणि थायरॉईडला कामाला लावणारा टीएसएच तीच बनवते ना, मग तो एकटा बघून काय कळणार? फ्री टी४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन, केलंय का? माझं टी४ तळाला आणि टीएसएच २.४, तीन ठिकाणाहून नॉर्मल म्हणून परत पाठवलं मला.

बांधावरचा:
फक्त बायकांना होतं असं नाही बरं का. आमच्या मेव्हण्याला घोणस चावली होती, किडनी बसली, डायलिसिस करून वाचला. दोन वर्षांनी दाढी विरळ झाली, तासभर खुरपलं की बांधावर बसायचा, नवराबायकोतलंही बंद, लाजेने कुणाला बोलला नाही. त्या विषाने पिट्युटरी जाते हे नंतर कळलं. डॉक्टरांनी सापाचं विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही.

गावचा_एमबीबीएस:
घोणशीचं बरोबर आहे. शिवाय ग्रंथीतली गाठ (बहुतेकदा कॅन्सरची नसते), तिचं ऑपरेशन, रेडिएशन, डोक्याला जबर मार, टीबीचा मेंदूज्वर अशी कारणं असतात. पण ताईची हिस्टरीच बोलतेय. मला एकच सांगा, थायरॉक्सिन चालू केलंय का? कॉर्टिसॉल (पिट्युटरीच्या हुकमाने शरीरात बनणारं स्टेरॉईड) कमी असताना नुसतं थायरॉक्सिन दिलं तर पेशंट कोसळू शकतो. आधी स्टेरॉईड, मग थायरॉईडची गोळी.

सातारची_धाकटी:
बापरे. डिस्चार्जच्या कागदावर थायरॉक्सिन ५० आहे, परवापासून चालू. स्टेरॉईड कुठेच नाही, कॉर्टिसॉल केलेलं पण दिसत नाही 😟

गावचा_एमबीबीएस:
मग आत्ताच डिस्चार्ज देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, उद्यावर नको. एंडोक्रायनॉलॉजिस्टचं (हॉर्मोनच्या डॉक्टरांचं) नाव मागून घ्या. सकाळी ८ चं कॉर्टिसॉल लागेल, पण उलट्या, चक्कर, गुंगी काही दिसलं तर टेस्टसाठी थांबू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या आणि बाळंतपणातल्या ब्लीडिंगचं सगळ्यात आधी सांगा.

पन्हाळा_पाऊस:
आणि घरात 'स्टेरॉईड नको' सुरू होईल बघ, माझ्याकडेही झालं. शरीर बनवत नाही तेवढंच गोळीतून घ्यायचं असतं. मला ताप आला की डोस दुप्पट करायला सांगितलंय, तशी चिठ्ठीच पर्समध्ये असते. फोन झाला का गं?

सातारची_धाकटी:
झाला. लगेच घेऊन या म्हणाले, रिक्षात आहोत.