ओपन माइकला कवितांची चाळणी लावावी का? माझं मत: नको

शिफ्टवाला

पुण्यातल्या ज्या ओपन माइकला (कुणीही यावं, नाव द्यावं, कविता वाचावी) मी चार वर्षं जातोय, तिथे परवा एक प्रस्ताव आला. पुढच्या महिन्यापासून कविता आधी पाठवायच्या, तिघे जण वाचणार, बारा निवडणार, बाकीच्यांनी नुसतं ऐकायला यायचं. कारण काय, तर दर्जा घसरलाय. खोटं नाही ते. गेल्या वेळी एकाच संध्याकाळी पावसावरच्या सात कविता झाल्या आणि त्यातल्या पाचांत ती खिडकीत उभी होती.

तरी मी विरोधात हात वर केला. चाळणी असती तर मी पहिल्याच दिवशी बाहेर असतो.

मी निलंग्याकडचा, चाकणला कंपनीत. एका खोलीत चौघे, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. कॉटवर कुणीतरी कायम झोपलेलं, आणि बोलायला कुणीच नाही. पहिल्यांदा वाचायला उभा राहिलो तेव्हा कविता मोबाइलवर होती. मधेच स्क्रीन काळी झाली आणि मला पासवर्ड आठवेना. मागून एक बाई म्हणाल्या, "सावकाश, घाई नाही." पुण्यात येऊन पाच महिने झाले होते, तोवर मला कुणी 'घाई नाही' म्हटलं नव्हतं. कविता टुकार होती. (आईच्या हातांवर, अर्थातच.) पण पुढच्या वर्षी डेंग्यूने पडलो तेव्हा डबा त्याच बाईंच्या घरून आला. आठ दिवस. रूममेट्सनाही पुरायचा.

तर मंडळी, त्या जागेचं काम काय? कविता निवडायच्या की माणसं धरून ठेवायची?

मात्रा_मोजणारा

डबा आला, आनंद आहे. पण डबा भिशीतल्या बायकांकडूनही येतो, गणपती मंडळाकडूनही येतो. कवितेच्या नावाने जमलात तर तिचं काही देणं लागता की नाही?

मी साठी ओलांडलेला, म्हणजे 'आमच्या वेळी' आलंच. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, ती काय उगाच? नुसतं 'वा वा' ऐकून गझल येत नाही. उर्दूवाले याला इस्लाह म्हणतात, उस्तादाने शागिर्दाच्या शेरावर हात फिरवायचा. मला एका ज्येष्ठांनी टपरीवर चहा पिताना सांगितलं, "पाचातले तीन शेर काढ. उरलेल्या दोनांत काफिया (यमक) बघ." आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी काढले. तुमच्याकडे असं सांगायची कुणाची टाप आहे? सगळ्यांना सारखीच टाळी, वर चुटक्या. चार वर्षांत तुमची कविता किती पुढे गेली ते सांगा. डब्याचं नको.

शिफ्टवाला

थोडी गेली. आई आता क्वचित येते.

आंबटगोड

'माणसं धरून ठेवायची' ठीक आहे हो, पण कोणती?

मी दुसऱ्या एका ग्रुपला दोन वर्षं जायचे. एकदा जरा धीट, शरीराबद्दलची कविता वाचली. रात्री साडेअकरानंतर ग्रुपमधल्याच एकाचे मेसेज सुरू. कुणावर आहे, खरं आहे का, भेटू या का. सकाळी आयोजकांना स्क्रीनशॉट दाखवले. उत्तर मिळालं, "अगं, तो आपल्यातलाच आहे, मनाने चांगला आहे." मी जायचं बंद केलं. तो अजून जातो. मधूनमधून स्त्रीच्या वेदनेवर वाचतो आणि दाद घेऊन बसतो.

म्हणजे चाळणी तिथेही होतीच, फक्त कवितांना नव्हती. कविता निवडा नाहीतर नका निवडू, मला फरक पडत नाही. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतील असा व्हॉट्सअॅप ग्रुप करू नका आणि तक्रार कुणाकडे करायची ते पहिल्या दिवशी सांगा.

मात्रा_मोजणारा

यावर माझा काही वाद नाही.

ठेचा_भाकर

मी अकोल्याचा. पुण्यात एकदाच वाचलं, वऱ्हाडीत. बापाच्या कापसाच्या गाडीवरची कविता होती. जिनिंगच्या फाटकापाशी दोन रात्री गाडी उभी, भाव रोज उतरतोय, बाप गाडीखाली झोपलेला. पहिल्या ओळीत 'माहा बाप' म्हटलं आणि लोक हसले. दुसऱ्या ओळीलाही हसले. वऱ्हाडी म्हणजे विनोदी, हे त्यांनी टीव्ही पाहून ठरवून टाकलेलं. चौथ्या ओळीनंतर सगळे गप्प झाले, पण तोवर माझाच घसा बसला. वाईट कोणीच नव्हतं बाप्पा तिथं. नंतर येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मस्त टोन आहे तुझा."

टोन!

आता तिघांची कमिटी बसली तर माझी कविता घेईल का? घेईल ना. बारात एक 'लोकभाषा' पाहिजेच म्हणून घेईल. मले नाही पाहिजे तसं. बहिणाबाईंची कविता त्या गेल्यावर १९५२ मध्ये छापून आली. जात्यापाशी म्हणत होत्या तेव्हा कोणत्या कमिटीला विचारून म्हणत नव्हत्या.

मात्रा_मोजणारा

उदाहरण तुमच्यावरच उलटतं. सोपानदेवांनी आईच्या कविता अत्र्यांपुढे ठेवल्या आणि अत्र्यांनी पाहताक्षणी ओळखलं की हे सोनं आहे, म्हणून ते पुस्तक झालं. ओळखणारा कान कुणाचा तरी लागतोच. तुमच्या कवितेलाही तो मिळाला नाही, मिळाली ती खांद्यावरची थाप. तुमचं दुखणं माझ्याच बाजूचं आहे, तुम्ही मान्य करत नाही एवढंच.

चिठ्ठीवाली

अत्र्यांचं नाव निघालंच आहे तर सांगते. कवींचं रविकिरण मंडळ १९२३ चं, त्याच कवींची टर उडवणारं अत्र्यांचं 'झेंडूची फुले' १९२५ चं. आपसांत वाचणारे आणि त्यांना हसणारे पुण्यात दोन वर्षांच्या अंतरानेच येतात, तेव्हा हा धागा काही नवा नाही.

पण तुम्ही सगळे कवितेवर भांडताय, खुर्च्यांबद्दल कुणीच बोलत नाही. मी कोल्हापुरात तीन वर्षं ओपन माइक चालवते. दोन तास म्हणजे १२० मिनिटं. ४० नावं आली आणि प्रत्येकाला ३ मिनिटं दिली की वेळ संपली. नाव पुकारणं, माइक खालीवर करणं, 'ही कविता मला कशी सुचली' हे सगळं त्यातच. (ही प्रस्तावना कवितेपेक्षा लांब असते, लाजू नका, सगळ्यांना माहीत आहे.) कॅफेवाला जागा फुकट देतो कारण माणशी एक कॉफी खपते. खरा घोळ असा की आपलं वाचून झालं की लोक सटकतात. सातव्याला चाळीस जण ऐकतात, पस्तिसाव्याला नऊ, त्यात एक वेटर. साहित्य संमेलनात कविकट्ट्यावर एकदा बसून बघा, समोरचे बरेचसे आपलं नाव कधी येतंय याची वाट बघत हातातला कागद चाळत असतात.

आम्ही चिठ्ठ्या टाकतो. नाव कधी निघेल कुणालाच ठाऊक नाही; निघालं आणि तुम्ही नसलात तर गेलं. वीस चिठ्ठ्या काढतो, राहिलेल्यांना पुढच्या वेळी आधी. चाळणी नाही. तरी कविता सुधारल्या, कारण दोन तास दुसऱ्यांचा पाऊस ऐकलेला माणूस स्वतःचा पाऊस लिहिताना दचकतो.

आणि मात्रावाले काका, महिन्यातून एकदा वेगळी बैठक असते. माइक नाही, टाळ्या नाहीत, कविता नुसती फाडायची. हवं त्यानेच यायचं.

मात्रा_मोजणारा

त्या बैठकीला किती येतात?

चिठ्ठीवाली

सहा.

मात्रा_मोजणारा

चाळीसातले सहा! हेच मी मघापासून सांगतोय.

शिफ्टवाला

मीही हेच सांगतोय. चाळीस होते म्हणून सहा निघाले. आधीच बारावर आणले असते तर त्या सहांतले किती आत असते? मी तर नसतो. माझी काढून टाकावी अशी कडवी मला दुसऱ्या वर्षी दिसायला लागली, तीही दुसऱ्यांची ऐकून.

मात्रा_मोजणारा

आणि जे चौतीस कधीच त्या बैठकीला येणार नाहीत? त्यांना वर्षानुवर्षं टाळ्या देऊन तुम्ही फसवताय असं नाही वाटत?

शिफ्टवाला

त्यांतल्या एक डबेवाल्या बाई आहेत. दर वेळी तुळशीवर वाचतात. काय वाचतात ते त्यांना चांगलं कळतं. त्या टाळ्यांसाठी येत नाहीत हो काका, घरी बोलायला कुणी नाही म्हणून येतात. यात फसवणूक कुठली?

आंबटगोड

चिठ्ठीवाली, माझा प्रश्न राहिला. तुमच्याकडे तक्रार कुणाकडे करायची?

चिठ्ठीवाली

माझ्याकडे आणि आणखी एकीकडे, दोघींचे नंबर दारावरच लावलेत. गेल्या वर्षी एकाला कायमचा बंद केला. लिहायचा चांगला. त्याच्यामागून आणखी तिघे गेले, तेही बरे लिहायचे. तो महिना जरा रिकामा गेला.

शिफ्टवाला

आमच्याकडे मतदान रविवारी आहे. मी चिठ्ठ्यांचं आणि दारावरच्या नंबरांचं मांडणार आहे. फाडायच्या बैठकीचंही मांडतो, पण काका, फाडायला तुम्ही यायचं.

मात्रा_मोजणारा

चाकणपर्यंत नाही येणार. पुण्यात असेल तर बघू. ठेचा_भाकर, ती कापसाची कविता इथे टाका. मी हसणार नाही.

ठेचा_भाकर

टाकत नाई. ऐकाची असन तं या.