पावडरचं डीएमईएम जांभळं पडतंय आणि हेला पेशी मंदावल्यात: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या लॅबमध्ये इतके दिवस तयार द्रवरूप डीएमईएम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण, म्हणजेच मीडियम) वापरायचो. आता पावडरपासून बनवतो. पावडर विरघळवली, ३.७ ग्रॅम/लिटर सोडियम बायकार्बोनेट घातलं, पीएच ७.४ ला आणला, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून व्हॅक्यूमवर गाळलं, १० टक्के सीरम (रक्तातून काढलेला, वाढीला मदत करणारा द्रव) घातलं. आठवडाभरात फ्रिजमधली बाटली लालची जांभळट गुलाबी झाली!

खरी चिंता वेगळीच. १:४ स्प्लिट केलेल्या (एका फ्लास्कमधल्या चार फ्लास्कमध्ये वाटलेल्या) हेला पेशी (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) तिसऱ्या दिवशी फ्लास्क जवळपास भरायच्या, आता पाचवा दिवस उजाडतो. चिकटतात व्यवस्थित, मीडियम गढूळ नाही. त्यात सीरमचा लॉटही याच सुमारास बदलला (हो, दोन गोष्टी एकदम बदलल्या, कबूल आहे). पीएच बिघडल्यामुळे होतंय का?

जुना_पिपेट:
रंगाच्या मागे लागू नका. व्हॅक्यूममध्ये गाळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच ०.१ ते ०.३ ने चढतो, म्हणून गाळण्याआधी तो ७.१-७.२ वरच ठेवायचा. पुढे बाटली उघडझाप करताना उरलासुरला वायूही जातो. तेच मीडियम फ्लास्कमध्ये घालून झाकण सैल करा आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये तासभर ठेवा. लालसर झालं तर बफर (पीएच स्थिर ठेवणारी व्यवस्था) ठीक आहे. फिनॉल रेड (मीडियमला रंग देणारं द्रव्य) पीएचपलीकडे काही सांगत नाही, अन्न आहे की नाही हे त्याला काय कळणार?

गढूळ नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. मायकोप्लाझ्माने (पेशीभित्तिका नसलेल्या अतिसूक्ष्म जिवाणूने) मीडियम गढुळत नाही आणि ०.२२ च्या फिल्टरमधूनही तो निसटतो. पीसीआर करून घ्या. आणि पावडरच्या लेबलवर ग्लुटामिनबद्दल (पेशींना वाढीसाठी लागणाऱ्या अमिनो आम्लाबद्दल) काय लिहिलंय?

धागाकर्ता:
तासाभरात लालसर झालं. आणि लेबल आत्ता नीट वाचलं: 'एल-ग्लुटामिनविरहित'. आधीच्या द्रवरूप मीडियममध्ये ते स्थिर डायपेप्टाइडच्या (दोन अमिनो आम्लांच्या, सहज न मोडणाऱ्या जोडीच्या) रूपात असायचं, त्यामुळे वेगळं घालायची सवयच नव्हती. कपाळावर हात मारून घेतला. बनवलेल्या बाटल्या फेकाव्या लागतील का?

जुना_पिपेट:
छे, फेकता कशाला! डीएमईएममध्ये ते साधारण ४ मिलिमोलर असतं. २०० मिलिमोलरचा निर्जंतुक स्टॉक असेल तर ५०० मिलीला १० मिली. फक्त लागेल त्याच बाटलीत घाला, कारण साधं ग्लुटामिन द्रावणात हळूहळू मोडतं आणि अमोनिया सोडतं, ३७ अंशांवर तर झपाट्यानं. बाटलीवर घातल्याची तारीख टाका.

सीरमचा जुना लॉट शिल्लक असेल तर ग्लुटामिन घातलेल्या मीडियममध्ये दोन्ही लॉट शेजारीशेजारी लावून रोज पेशी मोजा. मायकोप्लाझ्माची तपासणी मात्र टाळू नका, ग्लुटामिनचं कारण सापडलं तरीही.