ग्रीसचं बेट, सोबत दोन पोरं: सँतोरिनीच करायचं की दुसरं काही?

मिनूची_आई:
नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी, पोरीची शाळा सुरू व्हायच्या आत ग्रीस करायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी ७ वर्षांची आणि धाकटा ३ चा, पुण्याहून निघणार. नवऱ्याच्या डोक्यात सँतोरिनी पक्कं बसलंय, ते निळे घुमट, सूर्यास्त वगैरे, आणि मी रील्स बघते तर मला प्रत्येकात नुसत्या पायऱ्याच दिसतात, त्यात आमचा धाकटा म्हणजे हात सुटला की पळालाच. मला हवं काय तर उथळ पाणी, वाळू, चालत जाऊन जेवता येईल अशी जागा आणि रोज उठून बॅगा भरायला नकोत. आम्ही सगळे अंडं खातो, मासे मटण नाही. त्या दिवसात पाण्यात उतरता येतं का? आणि व्हिसाचं पण सांगा कोणीतरी प्लीज.

राईनकाठचा:
नाक्सोस. डोळे मिटून नाक्सोस. आम्ही जर्मनीत राहतो, पोरं लहान असताना तिथंच जायचो. गावाला लागूनच आगिओस गेओर्गिओसचा बीच आहे, हॉटेलातून चपला घालून निघायचं की पाच-दहा मिनिटांत वाळू. पाणी बऱ्याच आतपर्यंत गुडघाभर, त्यामुळे ३ वर्षांचं पोर काठाला डुंबत बसलं तरी आईबापाला श्वास घेता येतो. अजून मोठी वाळू हवी असेल तर आगिओस प्रोकोपिओस, आगिया आना, प्लाका असे बीच एकापुढे एक आहेत, गावातून बस जाते. बंदराच्या टोकाला पोर्तारा म्हणून संगमरवरी दरवाजा उभा आहे, अडीच हजार वर्षांपूर्वी अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं ते अर्धवटच राहिलं, नुसती चौकट उरली. सूर्यास्त तिथूनही दिसतो आणि फुकट दिसतो, हे मिस्टरांना सांगा :)

पण पाणी थंड असणार हां. मेअखेरीस साधारण २० अंश, पोरं उतरतात, मोठी माणसं काठावर बसून त्यांना बाहेर या म्हणून ओरडतात. खरं कोमट पाणी सप्टेंबरात. तरी मे-जूनचं मी म्हणेन चांगलंच, कारण जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, वाळू नुसती पायाला टोचते.

कोथरूड_ते_काल्डेरा:
सँतोरिनीला इतकं पण वाईट ठरवू नका राव. सगळे जण इया आणि फिराचे फोटो बघून बोलतात. ती गावं कड्यावर आहेत, पायऱ्या आहेत, कठडे कुठे बुटके तर कुठे नाहीतच, बाबागाडी तिथं म्हणजे शिक्षा, आणि कड्यावरची बरीच हॉटेलं लहान मुलं घेतच नाहीत, बुकिंगच्या आधी वाचून घ्या. पण मुक्काम कड्यावर करायला सांगितलंय कोणी? कामारी नाहीतर पेरिसाला राहा, सपाट आहे, समोर बीच. वाळू काळी, ज्वालामुखीची, दुपारी तव्यासारखी तापते म्हणून पोरांना पाण्यातले बूट हवेतच. शिवाय त्या बाजूला पाणी लवकर खोल होतं, तुमच्या धाकट्यासाठी हा मुद्दा आहे खरा. मोठीला आक्रोतिरी दाखवा, साडेतीन हजार वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं गाव, वर छप्पर आहे त्यामुळे ऊन लागत नाही. ७ वर्षांच्या पोरीला दुमजली घरं बघून जाम मजा येते.

जुन्या बंदरावरून फिराला वर येताना गाढवावर मात्र बसवू नका, केबल कार आहे.

सोलकढी:
मी क्रीटवाली. कारण सरळ आहे, अथेन्सहून विमानाने हानियाला उतरायचं आणि बोटीचा विषयच नाही, दोन पोरं आणि चार बॅगा घेऊन बंदरावर धक्काबुक्की कोणाला हवीये? हानियाच्या जवळच आगिई अपोस्तोलीला छोटे छोटे आडोशाचे बीच आहेत. पण क्रीट हे बेट वाटत नाही, राज्य वाटतं, एका टोकापासून दुसरं टोक अडीचशे किलोमीटरच्या वर. एलाफोनिसीची ती गुलाबी वाळू, गुडघाभर पाणी, सगळं खरंच तसंच आहे, पण हानियाहून वळणांचा रस्ता दीड तासाच्या वर, पोरांना गाडी लागत असेल तर उलट्यांच्या पिशव्या घेऊन बसा. गाडी भाड्याने घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या आणि दोन्ही पोरांच्या चाइल्ड सीट आधीच सांगून ठेवा, तिथं कायद्याने लागतात. आठवडाच असेल तर एकच कोपरा धरा.

पोटोबा:
खाण्याची काळजी सोडा. ताव्हेर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत, शाकाहारी भरपूर मिळतं, मेनूत नीट बघायचं एवढंच. फावा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट गरगट, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल, माझ्या पुतण्याने पहिल्या दिवशी वरण म्हणून खाल्लं आणि मग रोज तेच. यिगांतेस म्हणजे मोठे पांढरे पावटे टोमॅटोत शिजवलेले, ब्रियाम म्हणजे भाज्या भाजून, तिरोपिता म्हणजे चीजची पाय, स्पानाकोपिता पालकाची, दोन्ही बेकरीत सकाळी गरम. येमिस्ता (भात भरलेले टोमॅटो-मिरच्या) आणि दोल्मादेस (द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात) यात कधी कधी खिमा असतो, विचारूनच घ्या. नाक्सोसचा बटाटा तर ग्रीसभर प्रसिद्ध आहे, फ्राइज ताज्या कापून तळतात, त्यामुळे पोरांचा प्रश्नच मिटला. ग्रीक लोक रात्री ९ नंतर जेवतात, तुम्ही ७ ला गेलात तर हवी ती जागा मिळते आणि पोरांना कोणी नाक मुरडत नाही, उलट शेवटी काहीतरी गोड फुकट येतं.

मिनूची_आई:
बापरे एवढं सगळं! नाक्सोसकडे मन झुकतंय, नवऱ्याला पोर्ताराचा फोटो दाखवला तर "हम्म" म्हणालाय, म्हणजे अर्धं काम झालं. बोट किती वेळ? पोरांना लागेल का?

राईनकाठचा:
पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या मोठ्या बंदरातून, मोठी बोट साधारण साडेपाच तास, जलद बोट त्यापेक्षा बरीच लवकर. मी मोठीच सांगेन, हलते कमी, पोरांना डेकवर फिरता येतं, आत कॅफे असतो. जलद बोटीत सीटवर बसून राहायचं आणि लाट असली की ती जास्त आपटते. राफिना बंदर अथेन्सच्या विमानतळाला पिरेअसपेक्षा जवळ आहे, तिथूनही सीझनमध्ये बोटी असतात, वेळ जुळली तर शहरात शिरायलाच नको. छोटं विमानही जातं अथेन्सहून, पण सीट थोड्या आणि तिकीट पटकन चढतं.

एक मात्र नक्की पाळा. भारतात परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या रात्री अथेन्समध्येच हवं तुम्ही. वारा वाढला की बंदरवाले बोटी सोडत नाहीत आणि मग बेटावरून निघताच येत नाही. म्हणून बेट आधी, अथेन्स शेवटी. अक्रोपोलिस (अथेन्समधली प्राचीन देवळांची टेकडी) सकाळी उघडताच गाठा, बाबागाडी नको, खाली संगमरवर गुळगुळीत झालाय.

मिस्टर फारच हट्टाला पेटले तर नाक्सोसहून सँतोरिनी दीड-दोन तासांवर आहे, दोन रात्री टाका. मी असतो तर नसत्या टाकल्या.

सोलकढी:
व्हिसाचं राहिलंच की. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) शॉर्ट स्टे व्हिसा, अर्ज ग्रीसच्या व्हिसा केंद्रात. मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५, ६ च्या खालच्यांना फी नाही, वर केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा. १२ च्या आतल्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा ३०,००० युरोचा हवा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळी सुट्टीच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात, फेब्रुवारीतच मागे लागा.

आणि हो, मिनूला आधीच सांगून ठेव, तिथं टॉयलेट पेपर फ्लश करायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप बारीक असतात, तुंबतं. जेट स्प्रे कुठेच नाही, तो पोर्टेबलवाला घेऊन जा.