गोल्फ कोर्स बुडाला तर खेळ वाचवायचा की जमीन?

बडोदेकर_सीए

बडोद्याबाहेरच्या एका टाउनशिपमध्ये माझ्या मेव्हण्याचा प्लॉट आहे. घेताना 'गोल्फ व्ह्यू' म्हणून त्याने इतरांपेक्षा जास्त भाव दिला. आता तिथल्या सगळ्या प्लॉटवाल्यांना पत्र आलंय: नऊ होलचा (चेंडू घालायचे नऊ खड्डे असलेला) कोर्स चालवणं परवडत नाही, मेंटेनन्स वाढवून द्या, नाहीतर कोर्स बंद करून त्या जागेचं 'पुढचं नियोजन' करावं लागेल. रविवारी मेंबरांची मीटिंग आहे आणि बहुतेकांचा कल पैसे भरण्याकडे आहे.

माझं मत उलटं आहे. खेळासाठी एक रुपयाही वाढवून देऊ नका. कोर्स बंद पडत असेल तर पडू द्या. जमीन मात्र हातची जाऊ देऊ नका.

गोल्फ कोर्सचा खर्च माणसं मोजून येत नाही. दिवसाला दहा जण खेळोत की शंभर, ग्रीनवरचं, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या हिरवळीचं गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवावंच लागतं, म्हणजे वाढीच्या दिवसांत जवळजवळ रोज कापायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा पंप थांबवून चालत नाही. मशीन, डिझेल, खत, वीज, माळ्यांचे पगार, सगळं ठरलेलं. उत्पन्न मात्र हंगामावर आणि हौसेवर. अशा धंद्यात पाच-पंचवीस खेळाडू कमी झाले की हिशोबाची शेवटची ओळ लाल होते.

दुसरं म्हणजे हे कोर्स खेळासाठी बांधलेलेच नसतात. अमेरिकेत १९९० नंतर कोर्सची लाट आली ती घरं विकण्यासाठी. कोर्सकडे तोंड असलेला प्लॉट महाग विकला जातो, त्या नफ्यात सुरुवातीचा तोटा झाकला जातो. शेवटचा प्लॉट विकला की बिल्डरचा कोर्समधला रस संपतो. तिथे कोर्सची संख्या १६ हजारांच्या आसपास गेली, २००८ च्या मंदीत घरबांधणी बसली, आणि २००६ पासून पुढची कित्येक वर्षं उघडणाऱ्यांपेक्षा बंद पडणारे कोर्स जास्त होते.

जपानचं उदाहरण तर प्रत्येक सीएने वाचावं. १९८० च्या दशकात तिथे मेंबरांकडून मोठी ठेव घेऊन कोर्स बांधले. ठेव साधारण दहा वर्षांनी परत करायची बोली. मेंबरशिप शेअरसारखी विकली जायची, तिच्या भावांचा निर्देशांक निघायचा. भाव चढता होता तोवर ठेव कोणी मागितली नाही, कारण बाजारात जास्त मिळत होतं. फुगा फुटला, भाव ठेवीच्या खाली गेला, आणि सगळे एकदम क्लबच्या दारात. पैसा तर डोंगर फोडून मैदान करण्यात गेलेला. शेकडो क्लब दिवाळखोरीत निघाले आणि कितीतरी कोर्स गोल्डमन सॅक्स, लोन स्टार अशा परदेशी फंडांनी पडेल भावात उचलले. काही जागांवर आज सोलर पॅनेल उभे आहेत.

मेव्हण्याच्या टाउनशिपमध्येही क्लबची ठेव घेतलेली आहे. ती कुठल्या खात्यात पडून आहे, हे पत्रात एका ओळीनेही लिहिलेलं नाही.

सकाळचा_फोरबॉल

सीएसाहेब, हिशोब बरोबर मांडलात. निष्कर्ष मला मान्य नाही.

बिल्डरने वाईट हेतूने बांधलं म्हणून खेळ वाईट ठरत नाही. आपल्याच गावात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातला कोर्स बघा. १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी केला. १९९० च्या दशकात समरजितसिंहांनी तो दुरुस्त करून लोकांना खुला केला. समरजितसिंह स्वतः रणजी खेळलेले. त्या कोर्सने प्लॉट विकले नाहीत, म्हणून तो प्लॉटच्या बाजारावर अवलंबून राहिला नाही.

आणि तोट्यातून गेलेला कोर्स मेलाच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल आज गोल्फची पंढरी आहे. १९३० च्या दशकात ते सुरू झालं तेव्हा ठरवलं होतं त्याच्या मानाने मूठभरच मेंबर मिळाले, पैशाची सतत ओढाताण. दुसऱ्या महायुद्धात तर कोर्स बंद करून तिथे गुरं आणि टर्की पाळल्या. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये १७९७ मध्ये नगरपालिकाच दिवाळखोर झाली आणि खेळाच्या जमिनीवर ससे पाळायला परवानगी दिली गेली. १८२१ मध्ये एका जमीनदाराने ती जमीन घेतली आणि गोल्फसाठी राखली. तेव्हाही कोणी म्हणालंच असेल, बंद पडतोय तर पडू द्या.

तुम्ही कॅडींचं, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणाऱ्यांचं नाव घेतलं नाहीत. अली शेर दिल्लीत कॅडी होता, १९९१ मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकला. एस.एस.पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदान सांभाळायचे, मुलाने २०१६ आणि २०१७ लागोपाठ इंडियन ओपन आणलं. माझी बॅग उचलणारा मुलगा पहाटे पाचला सायकलवर येतो, आठपर्यंत काम करतो आणि मग आयटीआयला जातो. कोर्स बंद झाला की उद्या त्याने कुठे जायचं?

विश्वामित्रीकाठ

काका, त्या मुलाबद्दल तुम्हाला वाटतं ते मनापासून पटतं. पण त्याच्या रोजगारासाठी पन्नास एकर हिरवळीला पाणी पाजायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं? उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो. त्याच आठवड्यात बोअरचं पाणी फवाऱ्यांनी उडताना बघवत नाही.

चीनमध्ये नवे कोर्स बांधायला २००४ पासून बंदी होती. तरी बांधत राहिले. शेवटी २०१७ मध्ये ६८३ पैकी १११ कोर्स सरकारने बंद केले, कारणं हीच: पाणी आणि जमीन.

पण सीएदादा, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. 'बंद पडू द्या' म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे सोडलेल्या जागेवर दोन पावसाळ्यांत गांडो बावळ (वेडी बाभूळ) माजतो, मग कचऱ्याचे ट्रॅक्टर येतात आणि मग 'पडीक जागा' म्हणून बांधकामाची फाइल फिरते. बंद करायचा असेल तर त्या जागेचं पुढे काय होणार, हे आधी ठरलं पाहिजे. लंडनमध्ये बेकनम प्लेस पार्कचा कोर्स तिथल्या कौन्सिलने २०१६ मध्ये बंद केला आणि पार्क लोकांसाठी नव्याने उभारला, पोहण्याचं तळंसुद्धा केलं. आधी योजना, मग कुलूप.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो. तेव्हापासून शहरातली आणि शहराबाहेरची प्रत्येक मोकळी, पाणी मुरवणारी जागा मला माणसांच्या जिवाएवढी महत्त्वाची वाटते. त्यावर गोल्फ खेळतात की गुरं चरतात, हा नंतरचा प्रश्न.

वासणारोड

तुम्ही तिघेही दुसऱ्याच्या जमिनीवर ठराव करताय.

मी या धंद्यात आहे, लपवत नाही. बिल्डरने जमीन घेतली, बँकेचं कर्ज काढलं, कोर्स केला, चालला नाही. मग त्याने दर महिन्याला खिशातून भरत राहायचं का? त्या जागेवर मध्यमवर्गाला परवडतील अशी घरं झाली तर वाईट काय? गावात घर घ्यायला निघालेल्या तरुण जोडप्याला विचारा, त्याला नऊ होल हवेत की दोन बेडरूम.

आणि कोर्सवर कर्ज थकलं तर बँक लिलाव करणारच. तेव्हा प्लॉटवाल्यांच्या भावना कोणी विचारात घेणार नाही. त्यापेक्षा आज बसून समझोता करा: अर्ध्या जागेवर बांधकाम, अर्धी मोकळी, आणि मेंटेनन्स माफ. व्यवहारात यापेक्षा चांगलं काही मिळत नाही.

अलकापुरी_वकील

'दुसऱ्याची जमीन' हे इतक्या सहज म्हणता येणार नाही, भाऊ. ती कोणाची, हाच तर प्रश्न आहे.

कोर्स मंजूर लेआउटमध्ये सामाईक सोय म्हणून दाखवलाय की वेगळ्या सर्व्हे नंबरवर वेगळ्या कंपनीच्या नावाने आहे, हे आधी बघा. रेरा, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या हितासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर लेआउट किंवा सामाईक जागा बदलायची तर बिल्डर सोडून बाकीच्या प्लॉटधारकांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती लागते. कलम १७ नुसार सामाईक जागा सोसायटीच्या नावे करून द्यावी लागते. म्हणजे कोर्स सामाईक असेल तर 'पुढचं नियोजन' बिल्डर एकट्याने करूच शकत नाही. प्रकल्प रेरामध्ये नोंदलेला आहे का, तेवढं तपासा. १ मे २०१७ च्या आधी पूर्ण झालेल्यांची गोष्ट वेगळी.

आणि कोर्स वेगळ्या कंपनीचा असेल, तर प्लॉटवाल्यांनी जास्त भाव दिला तो फक्त खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचा. अनेक टाउनशिपमध्ये हेच केलेलं असतं. ब्रोशरमध्ये मध्यभागी हिरवागार कोर्स, दस्तावेजात त्याचा उल्लेखही नाही. मग भांडायला ब्रोशर, जाहिराती, पैसे भरल्याच्या पावत्यांवरचे शब्द, एवढंच हातात उरतं. तेही फेकून देऊ नका, रेरात खोट्या जाहिरातीसाठीही तरतूद आहे.

बडोदेकर_सीए

वकीलसाहेब, आभार. आत्ताच मेव्हण्याकडून दस्तावेजाचे फोटो मागवले. नकाशात कॉमन प्लॉट म्हणून मुलांची बाग आणि क्लब हाउसची जागा दिसते. कोर्सच्या जागेवर नुसतं 'ग्रीन' लिहिलंय, रंगही भरलाय, पण सर्व्हे नंबरची यादी दिली आहे त्यात ते नंबर नाहीत.

वासणारोड, तुमचा समझोता वाचला. अर्धी जागा कोणती, हे कोण ठरवणार? रस्त्याकडची पट्टी बांधकामाला आणि मागचा ओढ्याकडचा उतार 'मोकळी जागा' म्हणून आम्हाला, असंच होतं. आणि मेंटेनन्स माफ म्हणजे काय? आज जो खर्च परवडत नाही म्हणताय, तो माफ करायला पैसा कुठून येणार? बांधकामातूनच. म्हणजे जमीन विकून आम्हाला आमचेच पैसे परत.

ताई, तुमचं 'आधी योजना, मग कुलूप' मला मान्य आहे. माझ्या पहिल्या मांडणीत ते यायला हवं होतं.

सकाळचा_फोरबॉल

मग मधला मार्ग का नको? नवाचे तीन होल करा. फक्त तीन ग्रीन सांभाळा, शेजारी सरावाची रेंज ठेवा. बाकी जागेवर देशी झाडं, चालायची वाट. सांडपाणी शुद्ध करून तेच फवाऱ्यांना वापरा. दिल्लीत डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्स २००० पासून मेंबरशिपशिवाय चालतो, रोजचे पैसे भरून कोणीही खेळतो. इथेही बाहेरच्यांना खेळू द्या, शाळांना आठवड्यातून दोन सकाळी मोफत द्या. अदिती अशोकसारखी मुलगी ऑलिंपिकमध्ये चौथी येते, ती अशा सुरुवातीतूनच. आणि माणसं येत-जात राहिली तर कोणी जागा पडीक म्हणणार नाही.

विश्वामित्रीकाठ

तीन होल आणि शुद्ध केलेलं पाणी, हे मला चालेल, काका. पण दिल्लीत ती जमीन सरकारी संस्थेची आहे, तोटा सोसायला मागे कोणीतरी आहे. इथे मागे कोण?

बडोदेकर_सीए

काका, तीन ग्रीनलाही तोच माळी, तेच मशीन, तोच पंप लागतो. नऊचे तीन केले म्हणून खर्च एक तृतीयांश होत नाही. माझ्या अंदाजाने निम्म्यावरच थांबेल. तो निम्मा खेळणाऱ्यांनी भरावा, फक्त खेळणाऱ्यांनी. ज्यांना खेळायचं नाही त्या विधवा बाईंच्या, पेन्शनवर राहणाऱ्यांच्या मेंटेनन्समध्ये तो घालायचा नाही, एवढी अट मान्य असेल तर मी रविवारी मेव्हण्याला तुमच्या बाजूने बोलायला सांगतो. पण त्याआधी ठेवीचा हिशोब आणि त्या सर्व्हे नंबरचे सातबारा टेबलावर आले पाहिजेत. ते येईपर्यंत कोणी कुठल्याही संमतीपत्रावर सही करू नये.

वासणारोड

सातबारा काढा, जरूर काढा. त्यावर बँकेचा बोजा दिसला तर मी म्हणालो होतो ते आठवा.

सकाळचा_फोरबॉल

अट मान्य. खेळणाऱ्यांनीच भरावं, मी माझ्या ग्रुपला विचारतो. त्या मुलाची आणि त्याच्यासारख्या इतरांची नोकरी किमान वर्षभर राहील, हे मात्र लेखी हवं.