अँटीबायोटिक रेझिस्टन्सला मराठीत काय म्हणायचं?

पंचवटीकर: सिंहस्थाच्या आधी गोदावरीच्या पाण्याबद्दल पत्रक काढतोय. भाषांतरात 'प्रतिजैविक प्रतिकारशक्ती' असं आलंय. आमच्या मामींनी वाचलं आणि म्हणाल्या, मग बरंच आहे की, गंगेत डुबकी मारली की प्रतिकारशक्ती वाढते! सांगायचं होतं की जंतूंवर औषध चालेनासं होतं, अर्थ पार उलटा पोचला. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडी: 'प्रतिरोध'. रुध् म्हणजे अडवणं. प्रतिकारशक्ती माणसाची, प्रतिरोध जंतूचा, हा फरक पाळायलाच हवा.

निफाडकर: द्राक्षावर तेच तेच औषध मारलं की डावनी रोग ऐकत नाही, तेव्हा आम्ही सरळ 'रेझिस्टन्स आला, औषध बदल' म्हणतो. प्रतिरोध बांधावर कोणाला कळणार?

मेनरोड: आजी म्हणायची 'ताप औषधाला दाद देत नाही'. 'दाद न देणारे जंतू' लिहा ना. दाद फारसी, मूळ अर्थ न्याय, म्हणून तर कोर्टात दाद मागतात.

शब्दवेडी: छान आहे पण मथळ्याला नाम लागतं.

सूक्ष्मजीववाली: काहीही घ्या पण 'अंगाला औषधाची सवय झाली' नको, आणि 'सरावलेले जंतू' पण नको, कारण एकेक जंतू सरावत नाही, जे औषधातून तगतात तेच उरतात आणि वाढतात. त्यात सांडपाण्यात जंतू आणि औषधांचे अंश एकत्र येतात, तिथे प्लास्मिड म्हणून डीएनएचं छोटं कडं असतं, त्यावर औषधातून तगण्याची जनुकं असू शकतात, ते एक जंतू दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या सुद्धा. दिल्लीच्या पाण्यात एनडीएम-१ नावाचं असंच एक जनुक सापडल्याचं २०११ मध्ये छापून आलं, नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये, साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये. ते असलं की कार्बापेनेमसारखी, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली औषधं पण चालत नाहीत. ऋषिकेश-हरिद्वारला यात्रेच्या दिवसात ते वाढलेलं दिसलं, म्हणून सिंहस्थाची काळजी वाटते. असे जंतू पोटात गेले की लगेच आजारी पडतोच असं नाही, आतड्यात गुपचूप राहतात, पुढे ऑपरेशन किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं की तेव्हा औषध लागू पडत नाही.

मेनरोड: बघा, 'लागू न पडणं', हा पण आपलाच शब्द.

शब्दवेडी: लागू न पडणं हे औषधाबद्दल झालं, जंतूबद्दल नाही.

पंचवटीकर: मग 'औषधांना दाद न देणारे जंतू' वर मोठ्या अक्षरात आणि खाली 'प्रतिरोध', चालेल?

शब्दवेडी: चालेल, पण 'प्रतिजैविक' हाच शब्द मला पटत नाही. निफाडकर, डावनीला आपल्याकडे केवडा म्हणतात ना?

निफाडकर: पुस्तकात केवडा. बाजरीवर पडतो त्याला वडील गोसावी म्हणायचे.