पेट-सीटीवर गाठ अचूक मोजायची कशी? सल्ला हवाय

नवखा_फिजिक्सवाला:
नमस्कार मंडळी. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये फिजिक्सचं काम शिकतोय, अजून वर्षही झालं नाही. फुफ्फुसाच्या तळाशी एक गाठ आहे, सीटीवर साधारण १४ मिमी. एफडीजी (किरणोत्सारी साखर) पेटवर ४१ टक्के थ्रेशोल्ड लावला (म्हणजे गाठीतल्या सर्वोच्च आकड्याच्या ४१ टक्क्यांहून वरचा भाग गाठ धरला) की एक आकारमान, ५० लावला की दुसरं, आणि सिनियर हाताने आखतात ते तिसरंच. वर फॉलोअपला एसयूव्हीमॅक्स (गाठ किती एफडीजी ओढते त्याचा सर्वोच्च आकडा) वाढलाय आणि सीटीवर गाठ आहे तेवढीच. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ म्हणजे ही कटकट मिटेल?

रात्रपाळी:
सॉफ्टवेअर नंतर. आधी सांगा, दोन्ही स्कॅन इंजेक्शननंतर किती मिनिटांनी झाले?

नवखा_फिजिक्सवाला:
पहिला ६० मिनिटांनी. दुसरा बघितला तर ८८. मशीनवर गर्दी होती त्या दिवशी.

रात्रपाळी:
मग वाढला त्यात नवल काय, बऱ्याच गाठी तासाभरानंतरही एफडीजी ओढत राहतात. पर्सिस्टमध्ये (पेटवरून उपचाराचा प्रतिसाद मोजायचे निकष) दोन स्कॅनच्या वेळेत १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, तो त्यासाठीच. आणि डोस कॅलिब्रेटरचं (इंजेक्शनची मात्रा मोजणाऱ्या यंत्राचं) घड्याळ नि स्कॅनरचं घड्याळ जुळतंय का ते आजच बघा. एफ-१८ चा (एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिनचा) अर्धायुकाळ ११० मिनिटं, म्हणजे १० मिनिटांची चूक झाली की ६ टक्के तिथेच गेले. सिरिंजमध्ये उरलेली मात्रा वजा करायलाही लोक सर्रास विसरतात. (मीही विसरलोय, एकदा नाही.)

व्हॉक्सेलमोजे:
आकारमानाचं वेगळं दुखणं आहे. स्कॅनरचं रेझोल्यूशन प्रत्यक्षात ५ ते ७ मिमी धरा, आणि गाठ त्याच्या दोन-तीन पटीहून लहान असली की पार्शल व्हॉल्यूम इफेक्ट आलाच, गाठीतली अ‍ॅक्टिव्हिटी आजूबाजूला सांडल्यासारखी दिसते, मॅक्स खाली येतो आणि टक्क्यांचा थ्रेशोल्ड त्या पडलेल्या मॅक्सवरच लागतो म्हणून आकारमान फुगतं. तुमची १४ मिमी नेमकी त्यातच बसते. शिवाय २० मिमीच्या गोल गाठीची कड दोन्ही बाजूंनी फक्त २ मिमी बाहेर गेली तरी आकारमान ७३ टक्के वाढतं, घनाचा हिशोब आहे तो. ४ मिमीच्या व्हॉक्सेलवर (चित्राचा सर्वात लहान घन ठोकळा) ही अर्ध्या व्हॉक्सेलची चूक झाली.
नेमा फॅन्टम (स्कॅनर तपासायचा प्रमाणित नमुना, आत पोकळ गोळे) असेल ना तुमच्याकडे? १०, १३, १७, २२, २८, ३७ मिमीचे गोळे भरा, रोजच्याच रिकन्स्ट्रक्शनने (कच्च्या डेटातून चित्र बनवायच्या पद्धतीने) चित्र काढा आणि कुठला थ्रेशोल्ड खऱ्या आकारमानाच्या जवळ जातो ते स्वतः बघा. दुसऱ्या स्कॅनरचा ४१ टक्के तुमच्याकडे चालेलच असं काही नाही. गोळे आणि बॅकग्राउंड यांचं गुणोत्तर बदलूनही एकदा करा, उत्तर बदलतं.

नवखा_फिजिक्सवाला:
फॅन्टम आहे, कपाटात. बाय द वे दुसऱ्या स्कॅनला पीएसएफ (स्कॅनरचा पुसटपणा भरून काढणारी रिकन्स्ट्रक्शनची सोय) चालू होतं, पहिल्याला नव्हतं. त्याने फरक पडतो?

व्हॉक्सेलमोजे:
अहो हे आधी सांगायचं ना! पीएसएफने लहान गाठींचा एसयूव्हीमॅक्स चढतो, कडेला खोटी चमकही येते. कच्चा डेटा ठेवला असेल तर दोन्ही स्कॅन एकाच पद्धतीने परत रिकन्स्ट्रक्ट करा, मगच तुलना. मॅक्सऐवजी एसयूव्हीपीक घ्या, १ घनसेंमी गोळ्याची सरासरी असल्याने एका गोंगाटी व्हॉक्सेलवर सगळं टांगून राहत नाही. पण १४ मिमीच्या गाठीत तो गोळाच जेमतेम मावतो, तेव्हा तिथेही जपून.

श्वासोच्छ्वास:
गाठ तळाशी म्हणताय आणि श्वासाबद्दल कोणीच बोललं नाही? सीटी काही सेकंदांत होतो, पेट मात्र एकेका बेडला (शरीराच्या एकेका टप्प्याला) मिनिटं घेतं, तोवर डायफ्रॅम वरखाली होत गाठ पुसट होते, एसयूव्ही पडतो नि आकारमान वाढतं. तेवढ्या बेडपुरतं गेटिंग (श्वासाच्या टप्प्यानुसार डेटा वेगळा करणं) करा. काउंट कमी होतात म्हणून त्या बेडला वेळ वाढवून द्या. आणि सीटी खोल श्वास रोखून घेऊ नका, अटेन्युएशन करेक्शन (शरीरात अडलेल्या किरणांची सीटीवरून केलेली भरपाई) चुकतं.

रात्रपाळी:
+१. निरोगी लिव्हरचा सरासरी एसयूएलही (चरबी वगळलेल्या वजनावर काढलेला एसयूव्ही) दोन्ही स्कॅनमध्ये ताडून बघा. तोच २० टक्क्यांहून जास्त हलला असेल तर गाठीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

नवखा_फिजिक्सवाला:
कच्चा डेटा सापडला! पीएसएफ बंद करून दोन्ही परत काढले. वाढ आहे अजून पण बरीच कमी. ८८ मिनिटांचं आता काही करता येणार नाही, रिपोर्टमध्ये तसं लिहायला सिनियरना सांगितलंय. फॅन्टम शनिवारी भरतो, आकडे इथेच टाकेन.